वीस पैकी वीस

आमच्या खोलीत बोलायला मनाई नाही, पण कुणी बोलत नाही. बोललं की नजर हलते, आणि नजर हलली की बाटली पुन्हा हातात घ्यावी लागते. चार खुर्च्या, प्रत्येकीसमोर एक दिवा, दिव्याखाली अर्धी काळी आणि अर्धी पांढरी पाटी. इंजेक्शनच्या औषधाची बाटली मानेला धरायची, एकदा गोल फिरवायची आणि हात थांबवायचा. काच थांबते, आतलं औषध फिरत राहतं, आणि त्यात काही पडलेलं असेल तर तेही फिरतं. काळ्यासमोर पाच सेकंद, तिथे काचेचा कण किंवा तंतू चमकतो. पांढऱ्यासमोर पाच सेकंद, तिथे काळा ठिपका दिसतो. काही दिसलं की बाटली लाल पेटीत, नाही दिसलं की ट्रेमध्ये. वीस मिनिटं हे झालं की दहा मिनिटं समोरच्या हिरव्या भिंतीकडे बघत बसायचं, डोळ्यांना विश्रांती म्हणून. एकोणीस वर्षं मी हेच करते आहे. त्या भिंतीचा रंग तीनदा बदलला आणि तिन्ही वेळा हिरवाच दिला.

मला इथे सगळे घारताई म्हणतात. पहिल्या वर्षी मी एका दिवसात अकरा बाटल्या बाहेर काढल्या होत्या, ज्या आधी दोघींनी बघून चांगल्या म्हणून पुढे ढकलल्या होत्या. तेव्हापासून घारीची नजर, घारीची नजर करत हे नाव चिकटलं. खरं सांगते, तेव्हा मजा यायची. घरी गेल्यावरसुद्धा मी पाण्याचा पेला उजेडात धरायचे आणि आमचे हे म्हणायचे, "अगं, पी की आता. ते काय परीक्षेला बसलंय?"

तिसऱ्या वर्षी कारखान्याच्या साहेबांनी बोलावून सांगितलं की उपप्रमुखाची जागा निघते आहे आणि ती तुमचीच समजा. सहाव्या वर्षीही हेच गाजर. आठव्या वर्षी जागा खरोखर निघाली आणि साहेबांच्या ओळखीतल्या एका माणसाला मिळाली. बाटली मानेला धरायची की बुडाला, हे त्याला मी शिकवलं. वर्षभरात तो दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली म्हणून निघून गेला आणि साहेबांनी ती जागाच रद्द करून टाकली. माझ्या तोंडाला पानं पुसायला एक कप दिला, त्यावर माझा फोटो छापलेला. त्या कपात आमचे हे दाढीचा ब्रश ठेवतात.

आता चाचणीचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावर चालतं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्याच दोनशे बाटल्या आम्हा चौघींपुढे पाळीपाळीने येतात. त्यात वीस खराब मिसळलेल्या असतात. खराब बाटलीच्या बुडाला न दिसणाऱ्या शाईने आकडा लिहिलेला असतो, तो फक्त निळ्या दिव्याखाली दिसतो, आणि तो दिवा मास्तरांच्या कपाटात कुलपात. मास्तर म्हणजे आमच्या खोलीचे प्रमुख. वीसपैकी किती सापडल्या ते ते वहीत लिहितात आणि वर्षाच्या शेवटी तेवढ्यावरच आमचं काम मोजलं जातं. रोजच्या कामात कुणी किती खराब बाटल्या काढल्या हे कुणी मोजत नाही, कारण लाल पेटी चौघींत एकच आहे.

या वीस बाटल्या मास्तरांनी अकरा वर्षांपूर्वी स्वतः बनवल्या. एकेकीचं टोपण काढून आत कण किंवा तंतू सोडला आणि हाताच्या चिमट्याने टोपण पुन्हा दाबून बसवलं. नव्या बनवायच्या तर पाच सह्या लागतात, म्हणून त्याच चालल्या आहेत. अकरा वर्षं दर महिन्याला हातात येणारी बाटली ओळखीची होणारच. आम्ही त्यांना नावंही दिली होती. 'सासूबाई' बुडाशी ठाण मांडून बसते, डिवचल्याशिवाय हलत नाही. 'जावई' वरच्या वर तरंगतो, त्याची वाट बघत बसावं लागतं. 'नणंद' हा एक बारीक तंतू, घटकेत दिसतो आणि घटकेत रुसून बसतो. पुढे पुढे तर आत बघायचीही गरज उरली नाही. यंत्राने बसवलेलं टोपण गुळगुळीत असतं आणि मास्तरांच्या हातच्या टोपणाची कड खरखरीत. अंगठा फिरवला की कळतं.

हा अंगठ्याचा शोध माझाच. मी तो खोलीतल्या दोघी जावांना सांगितला. थोरली आणि धाकटी, एकाच घरात दिलेल्या, एकाच बसने येतात आणि खोलीच्या दारापर्यंत भांडतात. चौथ्या खुर्चीवरच्या बाईला मात्र आम्ही सांगितलं नाही. ती दोन वर्षांपूर्वी लेबलं चिकटवायच्या खात्यातून वर आली, म्हणून ती पॅकिंगवाली. "वर्ष होऊ दे, मग बघू," असं थोरली म्हणाली. वर्ष झालं, दुसरंही झालं. तिला दर महिन्याला वीसपैकी सोळा किंवा सतरा, आम्हा तिघींना वीसच्या वीस.

तो कप मिळाला त्याच सुमाराला मी बघणं सोडलं आणि ओळखणं सुरू केलं. यांना वीस हवेत ना, घ्या वीस. रोजच्या बाटल्या माझ्या हातून जायच्या, फिरायच्या, थांबायच्या, पाच आणि पाच सेकंद भरायचे. माझा हात कामावर असायचा आणि मी नसायचे. त्याची मला लाज वाटायची नाही. उलट वाटायचं, जेवढं तुम्ही मोजता तेवढं मी देते, हिशेब चुकता.

मागच्या वर्षी वरच्या ऑफिसात एक बाई आल्या. कर्मचाऱ्यांचा विकास हे त्यांचं खातं. त्यांनी जिन्याजवळ पाच पायऱ्यांच्या शिडीचं मोठं चित्र लावलं आणि त्यावर आमच्या नावांच्या चिठ्ठ्या डकवल्या. मी दुसऱ्या पायरीवर होते. मग एक फॉर्म भरून घेतला. 'सकाळी कामावर यावंसं कशामुळे वाटतं?' याच्यापुढे मी लिहिलं, बस सव्वासातला येते म्हणून. 'पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?' याच्यापुढे थोरलीने लिहिलं, घरी. शिडीवाल्या बाई मनाने वाईट नव्हत्या. फॉर्म वाचून त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही इतकी वर्षं एकाच पायरीवर कशा?" एकोणीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात त्यांनी जाहीर केलं की मास्तर निवृत्त होणार आहेत आणि त्यांची जागा बाहेरून भरायची नाही. लागोपाठ तीन चाचण्यांत वीसपैकी वीस मिळवणाऱ्यांतली जी सगळ्यांत जुनी, तिला द्यायची. म्हणजे मलाच. या वेळी ते कागदावर होतं, साहेबांच्या सहीने.

आणि नेमके तेव्हाच माझे डोळे गेले होते. डाव्यात मोतीबिंदू पिकत आलेला, उजव्यात सुरुवात. हे डॉक्टरांना, मला आणि आमच्या ह्यांना ठाऊक. मी सुईत दोरा ओवायला त्यांच्यापुढे धरला होता, तेव्हा त्यांनी ओवून दिला आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. ऑपरेशन करून घेता येईल, पण ऑपरेशन झालेल्या डोळ्याला आमच्या खुर्चीवर बसू देत नाहीत. कारखान्याची डोळेतपासणी चार महिन्यांवर होती. त्यात नापास झाले की खाली लेबलांच्या खात्यात, खालच्या पगारावर. प्रमुखाला मात्र डोळेतपासणी नाही. प्रमुखाने बाटल्या बघायच्या नसतात, बघणाऱ्यांकडे बघायचं असतं.

"तेवढी जागा मिळाली की सुटलीस," आमचे हे म्हणाले.

"अहो, मिळाली तर."

"अंगठा आहे ना," ते म्हणाले.

पहिली चाचणी, वीस. दुसरी, वीस. तिसऱ्या चाचणीला मी पहिली बसले. डोळे मिटून केलं असतं तरी जमलं असतं, पण सवयीने उघडे ठेवले. दोनशे बाटल्या झाल्या, वीस बाजूला निघाल्या. माझ्यामागून थोरली, मग धाकटी, शेवटी पॅकिंगवाली. ती सगळ्यांत हळू. एकेक बाटली दोनदा फिरवते, भुवया आवळते, ओठ हलवते. तिला या वेळी सतरा हव्या होत्या. आधीच्या दोन महिन्यांत सोळा-सोळा झाल्या होत्या, आणि लागोपाठ तीनदा सतराच्या खाली गेलं की परत लेबलांकडे पाठवतात.

मास्तरांनी निळा दिवा लावून तिच्या बाटल्या बघितल्या. "सतरा बरोबर," ते म्हणाले. मग एक बाटली उलटी धरली. "ही मात्र आपली नाही. हिच्या बुडाला आकडा नाही. चांगली बाटली खराब म्हणून काढलीस की एक वजा. सोळा."

"मास्तर, तिच्यात तंतू आहे," ती म्हणाली.

"यंत्रावरची ताजी बाटली आहे. मीच शनिवारी काढून आणली."

"असेल. पण आत तंतू आहे. उभा राहतो आणि मग आडवा होतो. तुम्ही बघा तरी."

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला, बाटली लांब धरली, जवळ धरली आणि हात टेकले. "माझं वय झालं आता. घारताई, तू बघ."

अशा वेळी सगळ्यांत जुनीचा शब्द शेवटचा, हा आमच्या खोलीतला रिवाज. मी बाटली घेतली. सकाळी ती माझ्याच हातून गेली होती. टोपण गुळगुळीत होतं, म्हणून मी ती पुढे केली होती. आता मी फिरवली, थांबवली, काळ्यासमोर धरली. दिव्याभोवती एक पांढरट धुकं आणि धुक्यात बाटलीची कड, एवढंच दिसलं. पांढऱ्यासमोर धरलं. तिथे तर काहीच नाही. पॅकिंगवाली माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत जराही शंका नव्हती. घारताईला दिसणारच, असा तिचा विश्वास होता.

मला म्हणता आलं असतं, मास्तर, दुसऱ्या कुणाला दाखवा. त्याला पाच सेकंदही लागले नसते.

"काही नाही," मी म्हणाले.

वहीत ते मलाच लिहावं लागलं. बाटलीचा क्रमांक, त्यापुढे 'काही नाही', त्यापुढे सही. मास्तरांनी ती बाटली चिठ्ठी लावून खणात ठेवली, वादातली बाटली तीन महिने ठेवायची असते म्हणून. दहा मिनिटांच्या सुट्टीत पॅकिंगवाली हिरव्या भिंतीकडे बघत बसली आणि सुट्टी संपल्यावरही जरा वेळ तशीच बसून राहिली.

आठवड्याने पत्र आलं. शिडीवाल्या बाईंनी माझी चिठ्ठी दुसऱ्या पायरीवरून काढून चौथीवर लावली आणि टाळ्या वाजवल्या. जावांनीही वाजवल्या. घरी ह्यांनी पत्र दोनदा वाचून दाखवलं, कारण अक्षर बारीक होतं. मला आनंद झाला का? झाला असावा. पायात आलेले गोळे गेल्यावर वाटतं, तसं हलकं वाटलं. पण एकोणीस वर्षं ज्याची वाट बघितली ते इतक्या उशिरा आलं की त्याला बसायला काय द्यावं तेच सुचेना.

पत्रासोबतच दुसरं पत्र निघालं होतं. पॅकिंगवालीने महिनाअखेर लेबलांच्या खात्यात परत जायचं होतं.

मास्तर गेले आणि मी त्यांच्या टेबलाशी बसले. टेबलावर घडीच्या दांडीचं मोठं भिंग होतं, त्यात गोल दिवा बसवलेला. मास्तर त्यातून लेबलावरची बारीक अक्षरं वाचायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी मी खण आवरायला घेतला, आणि ती चिठ्ठी लावलेली बाटली हाताला लागली. भिंगाखाली धरायचं मला खरं तर काही कारण नव्हतं. कुणी विचारत नव्हतं. मी धरली, फिरवली आणि थांबवली.

तंतू होता. उभा राहिला आणि मग आडवा झाला, तिने सांगितलं होतं अगदी तसाच.

मी त्या एका बाटलीचा विचार करतच नव्हते, ती तर चाचणीची होती, ती कुणाच्या शरीरात जाणार नव्हती. मी इतरांचा विचार करत होते. बघून झालेल्या ट्रेवर प्रत्येकीच्या नंबरचा शिक्का बसतो. गोदामात सहा आठवड्यांचा माल थांबलेला असतो, त्यात माझ्या तीन नंबरच्या शिक्क्याचे ट्रे होते. आणि त्याआधी गेलेले? ते गेले होते. कुणाकुणाच्या दंडात गेले असतील, त्याचा पत्ता कुठल्या वहीत नसतो. मी दहा वर्षं साहेबांवर रुसून होते, पण माझी बाटली साहेब घेत नव्हते.

डोळे आधी गेले की मन आधी गेलं, हे मला आजही सांगता येणार नाही. डोळ्यांना दोष देणं सोपं होतं. पण डोळे दोन वर्षांपूर्वी बिघडले, आणि बघणं मी त्याच्या आठ वर्षं आधी सोडलं होतं.

आमच्या वहीत खोडाखोड चालत नाही. पान फाडायचं नाही, शब्द गिरवायचा नाही, पांढरी शाई लावायची नाही. चूक झाली तर शब्दावरून एकच सरळ रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, आणि शेजारी कारण, सही, तारीख. पहिल्या दिवशी मास्तरांनी मला हे शिकवलं होतं. चूक लपवायची नाही, चूक दिसत ठेवून दुरुस्त करायची, असं म्हणाले होते. नंतर मी ते नव्या येणाऱ्या प्रत्येकीला शिकवलं, पॅकिंगवालीलाही.

मी वही उघडली, भिंग पुढे ओढलं आणि 'काही नाही' या माझ्या शब्दांवरून रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'बाटलीत तंतू आहे.' मग कारणाचा रकाना आला. तो लहानसा असतो. मी त्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'तपासणारीला दिसत नव्हतं आणि तिने तसं सांगितलं नाही. चाचणीच्या वीस बाटल्या टोपणावरून ओळखता येतात.' सही केली, तारीख घातली. सोळावर रेघ मारून तिथे सतरा आणि ही एक असे अठरा लिहिले. तिथल्या कारणात काय लिहायचं ते सोपं होतं.

साहेबांनी वही वाचली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "हे लिहायच्या आधी मला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर तुम्ही लिहू दिलं नसतं."

"अहो बाई, आता तुम्हाला बघायचं कामच नाही. गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं?" ते रागावले नव्हते, दमलेले वाटले. त्यांचंही वर कुणीतरी काहीतरी मोजत असणार. "पत्र परत घ्यावं लागेल. त्या विकासवाल्या बाईंना मी काय सांगू?"

"मला खाली घ्या म्हणावं. चिठ्ठीच आहे, निघते." मग मी जे मागायला आले होते ते मागितलं. "तिची बदली थांबवा. आणि गोदामातले माझ्या शिक्क्याचे ट्रे परत बघायला हवेत."

"किती आहेत?"

"चौदा हजार बाटल्या."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. माझ्या डोळ्यांबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. मग म्हणाले, "करा."

जावा माझ्याशी बोलेनात. अंगठा गेला म्हणजे त्यांचेही वीस गेले, आणि नव्या बाटल्यांसाठी पाच सह्या गोळा होत आल्या होत्या. खोलीच्या दाराशी थोरली फक्त एवढं म्हणाली, "स्वतःचं करायचं होतंस, आमचं कशाला केलंस?"

गोदामातून पहिले ट्रे वर आले. एक तारखेपासून मी लेबलांच्या खात्यात जायचं होतं, तोवर मला कुठे बसवायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. मी फडकं घेतलं आणि पॅकिंगवालीच्या शेजारी स्टूल ओढलं. थंड गोदामातून आलेल्या बाटल्यांवर दमट वाफ धरते, ती पुसल्याशिवाय आतलं दिसत नाही.

"ताई, तुम्ही कशाला? मी पुसते ना," ती म्हणाली.

"तू बघ," मी म्हणाले. "पुसायला डोळे लागत नाहीत."

ती माझ्याकडे जराशी बघून दिव्याकडे वळली. मी पुसून द्यायची, ती फिरवायची, थांबवायची, दोनदा बघायची. तिचे ओठ हलत होते. खोलीत कुणी बोलत नव्हतं. शंभर बाटल्यांचा तो पहिला ट्रे संपेपर्यंत तिने लाल पेटीत चार टाकल्या. चौघींची एकच पेटी, पण या वेळी त्या चारही माझ्या होत्या हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

तिने हात झटकले, हिरव्या भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "पुढचा द्या, ताई." मी दुसरा ट्रे पुसायला घेतला.